उजव्या पोटरीवरची रेती

दम्याचा पंप माझा बा मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवायचा, आणि मोटारसायकल नदीच्या काठावर, मोहाच्या झाडाखाली. तिथून पुढं वाडीपर्यंत पायी. रेतीतून. पंप खिशात का ठेवत नाहीस, असं मी त्याला कितीदा तरी विचारलं असेल.

"रेती जाते ना वं त्याच्यात," तो म्हणायचा. "नाजूक चीज हाय ते. गाडीत बरी राहते."

म्हणजे ज्या रेतीत त्याला दम लागायची भीती, त्याच रेतीपासून पंपाला वाचवायचं म्हणून तो पंप लांब ठेवायचा. यात काही उलटं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. आमच्या गावात कोणालाच वाटलं नसतं. आमच्याकडे चांगली वस्तू अशीच जपतात. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, नव्या खुर्चीला प्लास्टिक, आणि पंपाला डिक्की.

वाडी म्हणजे डांगरवाडी. आमचं गाव तुमसरच्या पलीकडे, वैनगंगेला लागून. उन्हाळ्यात नदीची धार समोरच्या काठाला चिकटून वाहते आणि आमच्या बाजूला नुसती रेती उघडी पडते, पार डोळे दिपतील इतकी. त्या रेतीत नाल्या काढायच्या, शेणखत भरायचं, झिरा खोदून पाणी काढायचं आणि डांगर, म्हणजे खरबूज, नि टरबूज लावायचं. धान निघाल्यावरचं हे काम. बाचं निम्मं आयुष्य मात्र तुमसरच्या एका राइस मिलमध्ये गेलं. मिल सुटली, पण कोंड्याची धूळ छातीत घेऊनच तो घरी आला. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून दूर राहा. तर यानं रेतीत वाडी धरली. "अथी कोंडा नाही, धूर नाही. मोकळी हवा हाय," हे त्याचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर वाडीवर त्याला बरं वाटायचं. रेती तशी स्वच्छ असते. बसलेली असेपर्यंत.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी लाजून सांगत नाही, आणि उगाच मिरवतही नाही. जे आहे ते आहे. मायला सही येत नाही, बाची शाळा चौथीत सुटली. मी आता भंडाऱ्याला ज्युनियर कॉलेजात शिकवते. शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प होता. बाकीच्यांनी सर्किटं केली. मी वाऱ्यानं रेती कशी जाते हे घेतलं, कारण रेती फुकट होती आणि कूलर घरचा होता.

अंगणात एक लांब फळी टाकली, तिच्यावर वाडीतली कोरडी रेती पसरली, आणि कूलरचं तोंड फळीकडे केलं. बा बाजेवर बसून बघत होता.

"रेती उडवाले कालेज लागते का वं?"

"रेती उडत नाही बा. उड्या मारते."

"तेच तं म्हनलं मी."

"तेच नाही ना. चिमणी उडते. बेंडूक उडी मारते."

मग मी त्याला फळीजवळ वाकायला लावलं. वारा आपल्या तोंडावर जेवढा लागतो तेवढा तो जमिनीलगत नसतो. अगदी खाली, दाण्यांच्या उंचीला, तो जवळजवळ मेलेला असतो. म्हणून हलक्या वाऱ्यात रेती ढिम्म राहते. वारा वाढत वाढत एका हद्दीपर्यंत आला की एखादा वर आलेला दाणा थरथरतो, लोळतो आणि टुणकन वर जातो. वर गेला की त्याला खरा वारा सापडतो. तो वारा त्याला पुढं ओढतो आणि तिरपा खाली आणून आदळतो. तो आदळला की आणखी चार दाणे उडतात, ते आदळले की आणखी. मग फळीवरची रेती एकदम चालायला लागते.

बा बराच वेळ वाकून राहिला. "म्हंजे पंगतीसारखं," तो म्हणाला. "एक उठला का सारे उठतेत."

मी ते वाक्य प्रकल्पात लिहिलं होतं. सरांनी लाल पेनानं खोडलं.

त्या फळीवर मला तीन गोष्टी दिसल्या होत्या, आणि पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे, म्हणून सांगते. एक, उड्या मारणारी रेती फार उंच जात नाही. बरीचशी गुडघ्याच्या खालीच धावते. बारीक धूळ मात्र आपली आपण सहसा उठत नाही. ती जमिनीला चिकटून असते, रेतीचे दाणे तिच्यावर आदळून तिला उठवतात, आणि एकदा उठली की ती छातीपर्यंत, डोक्यापर्यंत, कुठंही जाते. दोन, ओली रेती उठत नाही. पाणी दाण्याला दाणा बांधून ठेवतं. तीन, रेती उठवायला जेवढा वारा लागतो तेवढा ती चालू ठेवायला लागत नाही. कूलर थोडा कमी केला तरी ती थांबत नव्हती. या तिसऱ्याची मला तेव्हाही जरा भीती वाटली होती. का ते सांगता आलं नसतं.

आता तो दिवस.

मे महिना सरत आला होता. कॉलेजला सुट्ट्या होत्या, माय नात्यातल्या लग्नाला गेली होती, म्हणून बासोबत मी वाडीवर गेले. दुपार उतरली होती. आम्ही झिऱ्यातून पाणी काढून वेलांना घालत होतो. शेजारची वाडी एका काकीची. नात्यातली नाही, गावातली. नवरा गेल्यापासून एकटीनं वाडी करते आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल असं बोलते.

"बाई, नखं खराब होतीन तुहे," ती कुडापलीकडून म्हणाली. "मास्तरीन हायेस तू."

"तुही जीभ नाही झाली खराब अजून, मंग माही नखं काहून होतीन?"

"घ्या भाऊ. हे शिकवते कालेजात."

बा हसला. हसताना त्याची छाती किंचित वाजली, शीळ घातल्यासारखी. मी ऐकलं आणि सोडून दिलं. तेवढी ती नेहमीच वाजायची.

मग वारा पडला. एकदम. टरबुजाची पानं लटकून राहिली, आणि नदीच्या वरच्या अंगाला आभाळ मातकट झालं, त्याच्यामागे काळं. काकी सरळ उभी राहिली आणि बोलायची थांबली. ती बोलायची थांबली हे मला आभाळापेक्षा जास्त लागलं.

"वावधन येते," बा म्हणाला. आमच्याकडे वादळाला वावधन म्हणतात.

मी काठाकडे पाहिलं. मोहाचं झाड अंगठ्याएवढं दिसत होतं. मी म्हटलं, निघू. बा म्हणाला, पाइप गोळा करू दे. तेवढ्यात आवाज आला. गडगडाट नव्हे, तो नंतर आला. हा आवाज बारीक होता, तव्यावर मीठ सांडल्यासारखा, आणि तो सगळ्या नदीतून येत होता. पात्रातून आमच्याकडे रेतीच्या बारीक बारीक सरी सरपटत येत होत्या, सापासारख्या वळत, एकमेकींत मिसळत. बघता बघता सरी दिसेनाशा झाल्या आणि सगळी जमीनच वाहायला लागली.

"रेती उठली," बा म्हणाला.

आमच्याकडे उघड्यावर वावधनात सापडलं तर लंबं व्हायचं असतं. म्हणजे आडवं पडायचं, तोंडावर कपडा घ्यायचा आणि निपचित राहायचं. उभा माणूस इजेला, म्हणजे विजेला, दिसतो, हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून सांगतात, आणि ते काही खोटं नाही. आमच्या भागात दरवर्षी कोणाला ना कोणाला ईज खाते. काकी कुड ओलांडून आमच्या वाडीत आली, कारण आमचा कुड उंच होता, आणि त्याच्या आडोशाला धपकन पडली.

"लंबे व्हा, भाऊ. लंबी हो वं पोरी."

बा लगेच लंबा झाला. मीसुद्धा झाले. विचार केला नाही. अंगानंच केलं ते.

आणि मग रेती आमच्यावर पडायला लागली. आडोशाला वारा मंदावतो. वारा मंदावला की त्याच्या हातातली रेती सुटते. कुडावरून, कुडाच्या फटीतून ती आमच्या अंगावर गळत होती. मी ओढणीच्या फटीतून बाकडे पाहिलं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबला होता आणि त्याच्या कानात रेती साचत होती. कान भरला तरी तो हात उचलून झाडत नव्हता. दुपट्टा आत ओढला जात होता, बाहेर फुगत होता, आणि फार लवकर लवकर होत होतं ते.

मी उठून बसले. राखणीसाठी टाकलेली आमची बाज थोडी पलीकडे होती. गुडघ्याच्या वर हवा धुरकट होती, पण रेती नव्हती. गुडघ्याच्या खाली नुसता मारा. आणि बाचं तोंड त्या माऱ्यात होतं.

"बा, उठ. बाजेवर बस."

"पागल झाली का तू?" काकी ओरडली. "बाज लोखंडाची हाय. इजेले आवतन देते का?"

"काकी, खाली त्याले श्वास नाही पुरून राहिला."

"अन् वर ईज पुरन?"

तिचं चूक नव्हतं. मला आजही कोणी त्या बाजेच्या जागी उभं केलं तर मी सांगू शकणार नाही की कोणती भीती मोठी होती. ईज येईल किंवा येणार नाही. श्वास मात्र माझ्यासमोर जात होता. मी बाच्या काखेत हात घातले आणि त्याला ओढून बाजेवर बसवलं, पाण्यानं ओल्या केलेल्या ओळींच्या मागं, कारण तिकडची रेती उठत नव्हती. तो पुढं वाकला, हात गुडघ्यांवर टेकले, खांदे कानापर्यंत वर आले. त्याच्या गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत जात होता. ओठांचा रंग मला आवडला नाही.

"पंप," मी म्हटलं, जणू तो खिशात असणार होता.

त्यानं बोलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग हात उचलून काठाकडे दाखवला. काठ दिसत नव्हता.

मी काकीकडे पाहिलं. ती चार पायांवर रांगत बाजेजवळ आली होती. पदर डोक्यावरून गच्च आवळलेला.

"त्याले लंबं नको होऊ देजो, काकी. काही झालं तरी."

"ईज..."

"नको होऊ देजो."

तिनं बाकडे एकदा पाहिलं, त्याच्या गळ्याकडे. "जाय," ती म्हणाली. "धाव."

मी धावले नाही. धावता येत नव्हतं. आणि पहिल्या काही पावलांतच मला कळलं की मला काहीच दिसत नाही. वर मातकट धुरळा, खाली वाहती जमीन, आणि जमीन वाहत असली की आपण उभे राहिलो तरी चालतोय असं वाटतं आणि चालताना मागं जातोय असं. वाडी मागं हरवली. मोहाचं झाड पुढं नव्हतंच. आमच्या पायवाटेवरची पावलं पुसली गेली होती. आणि खालच्या अंगाला, काठालगत, रेती काढलेले खड्डे होते. यंत्रानं काढलेले, खोल, पाण्यानं भरलेले. एका बैलाला मी त्यात जाताना पाहिलं होतं. तो काठावरूनच घसरला, कडाच खाली गेली त्याच्यासोबत.

एकच गोष्ट माझ्याजवळ होती. वारा नदीच्या वरून, पात्रातून सरळ येत होता. आमच्या काठाकडे तोंड केलं की तो उजवीकडून लागणार. सलवार वर खेचून मी पोटऱ्या उघड्या केल्या. उजव्या पोटरीवर रेती सुयांसारखी टोचत होती, डावीवर काही नाही. मी ठरवलं, हे असंच राहायला पाहिजे. उजव्या पोटरीवर टोचतंय तोवर मी काठाकडे जातेय.

डोळे जवळजवळ मिटून मी पोटरीनं चालत होते. मनात सारखं तेच: तो बसलाय ना, तिनं त्याला झोपवलं तर नाही ना. मागं वळून पाहायची इच्छा इतकी होत होती की मान दुखत होती, पण वळले असते तर दिशा गेली असती.

मग हातावरची लव उभी राहिली. केस ओढणीला चिकटून तडतडले. मी जागच्या जागी खाली बसले. ईज पडायच्या आधी अंगावरचे केस उभे राहतात, हे मी वाचलं होतं. आणि उडणारे रेतीचे दाणे एकमेकांना घासून वीज साठवतात, त्यानंही केस उभे राहतात, हेसुद्धा वाचलं होतं. पुस्तकात दोन्ही होतं. त्यातलं आत्ताचं कोणतं, हे ओळखायचं कसं, ते नव्हतं. मी गुडघ्यांत डोकं घालून बसले आणि रेती माझ्या तोंडात गेली. तेव्हा आठवलं की बाच्या तोंडातही जात असेल. उठले.

उठून चालले आणि थोड्या वेळानं टोचणं सरकलं. पोटरीवरून पुढं, नडगीवर आलं. मी उजवीकडे वळले असणार, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, असं वाटलं. दुरुस्त करायला मी डावीकडे वळायला पाऊल उचललं. पोटरी पुन्हा टोचली की झालं.

पण पाऊल टाकायच्या आधी मी खाली पाहिलं. का पाहिलं, माहीत नाही. पायाजवळ रेतीवर लहरी होत्या, वारा पाडतो तशा, बोटाएवढ्या उंच ओळी. वारा ज्या दिशेनं वाहतो त्याला त्या आडव्या पडतात. पात्रातून वारा, म्हणजे ओळी या काठापासून त्या काठापर्यंत. मी इतका वेळ त्या ओळींच्या सोबतच चालत आले होते, आणि अजूनही माझी पावलं त्यांच्या सोबतच होती. रेतीचे दाणे मात्र आता त्या ओळींवरून तिरपे धावत होते.

मी वळले नव्हते. वारा वळला होता.

डावीकडे खड्डे होते. पोटरीचं ऐकलं असतं तर मी सरळ तिकडे गेले असते. उचललेलं पाऊल मी मागं घेतलं. आणि थांबायला वेळ नव्हता, कारण नवा वारा जुन्या ओळी पुसून नव्या पाडणार होता, आणि तसं झालं की मग माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं. मी वाकून, जवळजवळ हात टेकत, ओळी बघत गेले. काही जागी त्या मोडल्या होत्या. तिथं मी नाकाच्या रेषेत पुढं जायची, पुन्हा ओळ सापडेपर्यंत. प्रत्येक वेळी वाटायचं, आता नाही सापडत.

पायाखाली रेती संपून कडक माती लागली, तेव्हा मला रडू आलं. मोहाचं झाड माझ्या उजव्या हाताला थोडं वर होतं. गाडी आडवी पडली होती. डिक्कीचं कुलूप रेतीनं अडकलं, दगडानं फोडलं. पंप प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल आणखी एका पिशवीत. दातांनी फाडलं सगळं.

पंप हातात घेऊन वळले, तेव्हा पावसाचे थेंब पडायला लागले. मोठे, लांब लांब. रेतीत पडले की आवाज यायचा. वारा कमी झाला नाही, उलट वाढला. पण पात्रातली ती वाहती जमीन पाहता पाहता थांबली, आणि मला वाडी दिसली. कुड दिसला. बाज दिसली. आडवी पडलेली.

बाजेवर कोणी नव्हतं.

त्यानंतर मी कशी गेले ते मला सांगता येत नाही. ओली रेती पायाखाली घट्ट झाली होती, एवढंच आठवतं, आणि मी काहीतरी बोलत होते, मोठ्यानं. आडव्या बाजेजवळ पोचले तर बाजेच्या मागं एक ढीग होता, लुगड्याच्या पदरानं झाकलेला. मी पदर ओढला. काकी रेतीत फतकल मारून बसली होती, तिच्या पाठीला पाठ टेकवून बा बसला होता, पालथ्या घमेल्यावर. ताठ. तिनं दोन्ही हात मागं घेऊन त्याला धरून ठेवलं होतं, पडू नये म्हणून, आणि आभाळाला अशा शिव्या देत होती की मी इथं लिहू शकत नाही.

पंप मी त्याच्या तोंडाला लावला. पहिल्यांदा त्याला ओढताच आलं नाही. औषध तोंडातून तसंच बाहेर आलं, पांढरं. दुसऱ्यांदाही तेच. त्याचे डोळे माझ्यावर होते आणि त्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. माझा बाप कशाला भ्यालेला मी पाहिला नव्हता.

"हळू," मी म्हणत होते. "आधी बाहेर सोड. सोड बा. सोड सारं." तो सोडू शकत नव्हता. काकीनं मागून त्याच्या पाठीवर स्वतःची पाठ दाबली आणि सैल केली, दाबली आणि सैल केली. पाऊस जोरात आला. हवेतली धूळ खाली बसायला लागली. पुढच्या वेळी थोडं आत गेलं. त्याच्या पुढच्या वेळी जरा जास्त.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "बाजेवरून काहून उतरवलं?"

"लोखंडाची हाय म्हनलं ना तुले."

"अन् घमेलं कायचं हाय, काकी?"

तिनं वळून घमेल्याकडे पाहिलं. "ते बुडाखाली हाय," ती म्हणाली. "इजेले का दिसते?"

बाच्या छातीतून एक आवाज आला. तो हसणं होता की दुसरं काही, हे कळायला मला एक क्षण लागला, आणि तो क्षण मी विसरलेले नाही.

आम्ही दोघींनी त्याला त्याच बाजेवर घालून काठावर नेलं. टेकायला मागं टरबुजाची पोती लावली होती, म्हणजे तो बसलेला राहील. ओल्या रेतीवर चालणं सोपं होतं. गावातल्या एकाचा ऑटो मिळाला. तुमसरच्या दवाखान्यात त्याला मास्क लावला, सलाईन लावलं. डॉक्टर माझ्यावरच चिडले. पंप जवळ का नव्हता, म्हणाले. रेतीनं खराब होतो म्हणून, हे उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं आणि मी गिळलं, कारण शिकलेल्या माणसाला ते समजलं नसतं.

काकी अजूनही म्हणते की लंबे राहिले असते तरी भाऊ वाचले असते. रेतीनं कोणी मरत नाही, इजेनं मरते. मी तिला सांगते की नाही, खाली श्वास नव्हता. मला तशी खात्री आहे. पण ती जे म्हणते ते खोटं ठरवायला मला तो दिवस दुसऱ्यांदा आणावा लागेल, आणि तो मी आणणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बानं वाडी लावली नाही. गावाला वाटतं मी मनाई केली. मी काहीच म्हटलं नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "मन नाही झालं," आणि तोंड फिरवलं. पंप आता त्याच्या बनियनच्या आत असतो, दोऱ्यात बांधून गळ्यात.

उन्हाळ्याच्या दुपारी मी भंडाऱ्याला असले की त्याचा फोन येतो. मायला सांगत नाही, मला सांगतो.

"अथी निंब हालून राहिला वं."

"पानं हालून राहिली का फांद्या?"

"पानं." मग थांबून, "रेती उठन का?"

आमचं घर नदीपासून चांगलं लांब आहे. रेती उठली तरी ती अंगणापर्यंत येणार नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी विचारतो, आणि मी फिजिक्सची पदवीधर सांगते, "पानं हालली तं नाही उठत बा."

"पक्कं?"

"पक्कं."

रेती उठवायला वारा किती लागतो, ते मला सांगता येतं, आणि एकदा उठली की चालू राहायला त्याहून कमी पुरतो, हेही. माझी मात्र आता पान हललं तरी झोप उडते, फोनवर आभाळाचा नकाशा उघडून बघत बसते. हे त्याला मी सांगत नाही.

फोन ठेवायच्या आधी मी गप्प राहते. त्याचा एक पूर्ण श्वास ऐकू येईपर्यंत, आत आणि बाहेर. बाहेरचा लांबतो का, शीळ आहे का, ते ऐकत.

"का झालं वं?" तो घाबरून विचारतो. "काहून बोलत नाहीस? बोल ना."